फुकटवाल्यांचा पगार

शर्टाच्या कारखान्यात काजं करणाऱ्या बाईंचा ‘फुकट’ या शब्दावर मुळीच विश्वास नव्हता. त्यामुळे काही माणसं हौसेनं सॉफ्टवेअर बनवून फुकट वाटतात आणि ते काम शिकायला आपल्याला तीन महिने पगारही देणार आहेत, असं लेकीनं सांगितलं, तेव्हा त्यांनी कान टवकारले. लेकीला ऐकू कमी येई. तिला कुणीतरी गंडवेल ही धास्ती त्यांना कायमची.

"मला बोलायचंय त्यांच्याशी," त्या म्हणाल्या.

व्हिडिओ कॉल लागला आणि पडद्यावर शिकवणारा गृहस्थ आला. पोटासाठी तो बस चालवायचा. लेकीला वाचता यावं म्हणून तो बोलता बोलता टाइपही करत होता.

"तुम्हाला किती मिळतात?" बाईंनी थेट विचारलं.

"काहीच नाही, ताई."

"मग हिलाच पगार का? कुठे सह्याबिह्या घ्यायच्यात का?"

"मी ड्यूटी संपली की मोकळा असतो. तुमची लेक संध्याकाळी काय करते?"

बाईंनी कोपऱ्यातल्या गठ्ठ्याकडे पाहिलं. लेक संध्याकाळी घरी आणलेल्या शर्टांचे धागे कापून चार पैसे मिळवायची.

"म्हणूनच आमच्यात सवड असलेलेच येतात," तो म्हणाला. "इतरांनाही येता यावं म्हणून आम्ही वर्गणी काढून हा पगार देतो."

बाईंनी होकार दिला, पण तीन महिने डोळ्यांत तेल घालून त्या लेकीच्या खुर्चीमागे बसल्या आणि धागे स्वतःच कापले. पगार वेळेवर आला. लेकीचं काम सगळ्यांनी स्वीकारलं.

शेवटच्या दिवशी त्यानं विचारलं, "ताई, अजून काही शंका?"

"आहे. माझ्या शेजारच्या मशीनवरच्या बाईची मुलगी हुशार आहे. पुढच्या खेपेला तिला घ्याल? पण आधी मी बोलेन तुमच्याशी. तिची आई फार भोळी आहे."