मावसभावाची गुप्त सुट्टी

आमच्या फौजी मावसभावाइतका पोटात गोष्ट न राहणारा माणूस अख्ख्या वाशीम जिल्ह्यात सापडायचा नाही. सरकारने त्याला शांतिसेनेत थेट आफ्रिकेला धाडलंय. तिथली गुपितं तो कशी सांभाळतो देव जाणे, पण स्वतःची सुट्टी मंजूर झाली की त्याला दम धरवत नाही. लगेच फोन, तोही पांघरुणात तोंड घालून. "मी येऊन राह्यलो. आईले सरप्राइज देतो. तू कोणाले सांगू नोको!" हे तो सरपंचाला सांगतो, न्हाव्याला सांगतो, गिरणीवाल्याला सांगतो. मागच्या खेपेला तर चुकून फोन लागलेल्या मालेगावच्या कुण्या गृहस्थालाही त्याने शपथ घातली, आणि तो भला माणूस हार घेऊन स्टँडवर हजर!

यंदा सुट्टी दोन वर्षांनी मिळालेली. त्यामुळे किन्हीराजा गावात नुसती धांदल. जो तो आपल्यालाच काय ते ठाऊक अशा थाटात गालात हसत होता. वाशीम स्टेशनवरून त्याला आणायला दोन जीपा आणि मोटारसायकलींची रांग निघाली. माझ्याकडे मात्र जोखमीचं काम होतं: मावशीला घराबाहेर पडू द्यायचं नाही. "ते वावरात गेली तं सारा खेळ बिघडते," असं त्याने चारदा बजावलं होतं.

मी सकाळीच जाऊन बसलो. मावशी ठेवणीतली हिरवी साडी नेसून ओसरीत बसलेली. आत पातोड्यांचा रस्सा रटरटत होता, एकट्या बाईला आठवडाभर पुरेल एवढा.

"मावशी, आज वावरात नोको जाऊ," मी चाचरत म्हणालो.

"कोण चाललं वावरात? सारं गाव जीपीत बसून वाशीमले गेलं, मले काय डोळे नाहीत? दर खेपेले असंच करते तो."



इतक्यात फाट्याकडून हॉर्न वाजले. मी ताडकन उठलो, तर मावशी लगबगीने आत पळाली. बाहेर आली ती वावरात जायची विटकी साडी नेसून, हातात खराटा घेऊन.

"त्याले कळू देऊ नोको बरं," तिने मला दटावलं. "लेकरू एवढ्या दुरून हौसेनं येते."

आणि आलाच तो! रापलेला, वाळलेला, तोंडभर हसत. "आई! कशी फसवली तुले!"

"माय वो! कवा आला रे बाप्पा?"

इथपर्यंत नाटक होतं. मग तिच्या हातून खराटा पडला, ती त्याच्या तोंडावरून हात फिरवत राहिली आणि आमचा फौजी सगळ्या गावासमोर हमसून रडला. माझेही डोळे भरून आले.

जेवताना त्याने मला कोपराने ढोसलं. "फसली ना आई?"

"पुरती फसली," मी म्हणालो.

परत कधी जायचं, हे मात्र त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. मावशीनेही विचारलं नाही.