घोडीच्या कानातल्या शिव्या

माझ्या मेहुण्याने मला फसवलं, हे आधी सांगून टाकतो. पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. आयटीत आहे. दुकानात शिरला की लेबलवर छापलेली किंमत मुकाट्याने देऊन बाहेर पडतो. असल्या माणसाने मला फसवावं! इंग्लंडात वॉटफर्डच्या बाजारात एका टेबलावर कुकर आणि स्टीलची भांडी मांडून मी सुरुवात केली. पुढे दुकान केलं ते स्वतःच्या जिभेवर. माझा आवाज बाजाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा. आणि सौद्यात मला हरवणारा माणूस मी अजून पाहिलेला नव्हता.

एका शनिवारी तो घरी आला आणि म्हणाला, "दाजी, मिल्टन कीन्सच्या पुढे एका फार्मवर जुनी व्हॅन विकायला आहे. मालकिणीला बाजारभाव माहीतच नाही हो. तुम्ही बोललात तर निम्म्यात सुटेल."

भाव माहीत नसलेली मालकीण! मी चपला न बदलता गाडीत बसलो. मिल्टन कीन्सच्या राउंडअबाउटांवर, म्हणजे तिथल्या गोल चौकांवर, त्याने मला इतकं गरगरवलं, की आपण कुठल्या दिशेला निघालोय हेही कळेना. फार्मवर शेडजवळ एक पांढरी व्हॅन खरोखर उभी होती. टायरला लाथ मारून मी नाक मुरडलं, कारण नाक मुरडल्याशिवाय किंमत उतरत नाही. तेवढ्यात आतून पिकल्या केसांच्या एक गोऱ्या बाई आल्या आणि माझा हात हातात घेऊन "वेलकम" म्हणाल्या. मागे मेहुणा डिकीतून सूटकेस काढत होता. सूटकेस माझी होती. बायकोने भरलेली.

मग उलगडलं. दारू, गोळ्या, असलं काही सुटत नसलेली माणसं दोन महिने तिथे राहायची आणि वेल्सच्या डोंगरांवरून आणलेल्या रानटी घोड्यांना माणसाळवायची. घोडा माणसाळता माणसाळता माणूसही माणसाळतो, असा बाईंचा हिशोब. मी मेहुण्याला जे काही सुनावलं, ते ऐकून पलीकडच्या कुरणातली सगळी घोडी दुसऱ्या टोकाला पळाली. मेहुणाही पळाला.

मी बायकोला फोन लावला. ती शांत होती. तिच्या शांतपणाची मला नेहमीच भीती वाटते.

"दुकानाच्या मागे बाटल्या आणि घरात आरडाओरडा," ती म्हणाली, "मला आता दोन्ही नकोत. तिथे शेवटी घरच्यांच्या भेटीचा दिवस असतो म्हणे. त्या दिवशी आवाज न चढवता घोडीला फाटकाबाहेर आणून दाखवा, मी तुम्हाला घरी घेऊन येईन. नाहीतर मी चहा घेईन आणि एकटी परत जाईन."

"फाटकापर्यंत आणली तर?"

"फाटकाबाहेर. फिक्स्ड प्राइस."

माझ्या वाट्याला आली एक तपकिरी घोडी. ठेंगणी, पोट गरगरीत, डोळ्यांवर झिपऱ्या. तिला माणसाचा हात कधी लागला नव्हता, आणि लागू द्यायचा तिचा विचारही दिसत नव्हता. पहिल्या आठवड्यात दारूवाचून माझे हात थरथरत. घोडी आधी त्या हातांकडे बघे, मग माझ्याकडे, आणि गिऱ्हाईक पोचे आलेला कुकर खाली ठेवतं तशी मला तिथेच ठेवून निघून जाई. मी ओरडे. ती आणखी लांब जाई. मी आणखी ओरडे.

बाई कुंपणावर कोपरं टेकून बघत असायच्या. एकदा म्हणाल्या, "राग राहू दे तुझा. मला फक्त आवाज खाली हवाय. बोलत राहा, पण बाळाशी बोलावं तसं. शब्द तिला कळत नाहीत."

माझे कान टवकारले. इतकी वर्षं सौदे केल्यावर कराराची फट लगेच दिसते.

"म्हणजे शब्द कुठलेही चालतील?"

"कुठलेही."

"नक्की?"

"नक्की."

ठरलं. त्या दिवसापासून मी रिंगणाच्या मध्ये उभा राहून अंगाईच्या सुरात मेहुण्याला शिव्या द्यायला लागलो. "मेल्या मेहुण्या, तुझं वाटोळं होवो. तुझ्या नव्या सोफ्यावर हळदीचं दूध सांडो. प्रत्येक राउंडअबाउटला तुझं वळण चुको, सोन्या. पाहुणे येऊन बसले की तुझ्या कुकरची शिट्टी उडून जावो..."

घोडी थांबली. एक कान माझ्याकडे वळला.

रागाची शिवी गोड सुरात द्यायची तर श्वास पोटातून घ्यावा लागतो, हे मला तेव्हा कळलं. खांदे आपोआप खाली येतात. शिवाय तीच शिवी तीनदा दिली की तिच्यात दम राहत नाही. नवी घडवावी लागते, आणि घडवण्याच्या नादात संध्याकाळची तलफ येऊन निघून जाते. रोज येते म्हणा. रोज नवी शिवी लागते. पण घोडी रोज पाऊलभर जवळ येऊ लागली. एके दिवशी तिने माझ्या कोटाला नाक लावलं. पुढे तिने डोक्यावर हॉल्टरही चढवू दिलं. हॉल्टर म्हणजे आपली मोरखीच, दोरीची. मी म्हणत होतो, "तुझ्या टायला रश्श्याचा डाग पडो, राजा," आणि ती डोळे अर्धे मिटून ऐकत होती.

बाई हरखल्या. "हे काय म्हणतोस तू?"

"आमच्याकडची प्रार्थना आहे," मी म्हणालो. "घरच्या माणसांसाठी."

मग काय विचारता! माझ्याबरोबर दोघं होती, एक ट्रकवाला आणि गोळ्यांच्या नादाला लागलेली नॉटिंगहॅमची एक नर्स. त्यांच्या घोड्यांचं काही जमत नव्हतं. बाईंनी मला प्रार्थना शिकवायला सांगितलं. मी पहिली ओळ शिकवली. पहाडासारखा तो ट्रकवाला डोळे मिटून "मेल्या मेहून्या, टुझं वाटोलं होवो" म्हणायचा, तेव्हा मला खोकला आल्याचं नाटक करून बाहेर जावं लागे.

आणि भेटीचा दिवस उजाडला.

कुंपणापलीकडे बायको उभी होती. शेजारी मेहुणा, हातात मिठाईचा डबा. मी घोडीला हॉल्टर घातलं, दोरी धरली, तोंड उघडलं आणि बंद केलं. ज्याच्या नावाने एवढे दिवस जप केला तो समोर, आणि त्याला मराठी येतं! मी मुकाट चाललो. घोडी फाटकापर्यंत आली आणि थबकली. एवढे दिवस कानात पडणारा आवाज आज नव्हता. तिने मान वर केली, चारही पाय रोवले. मी दोरी ओढली, ती मागे सरली. बायकोने पर्स खांद्यावर नीट केली. पर्स नीट केली की ती निघते.

"तुझी प्रार्थना कुठे गेली?" बाई हळूच म्हणाल्या.

मी मान हलवली. ट्रकवाल्याला वाटलं, मी शब्द विसरलो. बिचारा मदतीला धावला. नर्सने सूर मिळवला. दोघांनी हात जोडून, मनापासून सुरू केलं, "मेल्या मेहून्या, टुझं वाटोलं होवो..."

बायकोने ओढणीचं टोक तोंडात कोंबलं. मेहुणा आधी लाल झाला. मग त्याने डबा खाली ठेवला, फाटक उघडून धरलं, आणि त्याहून गोड सुरात म्हणाला, "या दाजी, या. तुमच्या कुकरना गॅस्केट न मिळो. तुमच्या दुकानात फक्त सुट्टे पैसे मागणारी माणसं येवोत."

पोरात एवढं पाणी असेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

"तुझी नवी गाडी चढावर रुसो, बाळा," मी म्हणालो.

"तुमच्या मिशीचा कलप भर लग्नात ओघळो."

घोडीचे दोन्ही कान फिरले, एक माझ्याकडे, एक त्याच्याकडे. मान खाली आली. एकमेकांना शिव्या घालत आम्ही दोघं मागे सरकत गेलो आणि आमच्यामधून ती वरातीतल्यासारखी डुलत फाटकाबाहेर आली. बाईंनी डोळे पुसले. म्हणाल्या, कुटुंबाने एकत्र प्रार्थना केली की असं होतं.

बायको एवढंच म्हणाली, "सूटकेस आणा."

मेहुण्याने खिशातून किल्ली काढली आणि ती शेडजवळची पांढरी व्हॅन उघडली. "दाजी, त्या दिवशी मी खोटं बोललो नव्हतो. विकायलाच होती. घेतली तुमच्या दुकानासाठी."

"केवढ्याला?"

"मागितली तेवढ्याला."

मागितली तेवढ्याला! एक शब्द न बोलता! माझ्या पोटातून जे उसळलं ते गळ्यापर्यंत आलं. दोरी अजून हातात होती. घोडीने मान वर केली. बायको व्हॅनच्या दाराला हात लावून उभी होती. आत बसली नव्हती.

मी श्वास पोटात घेतला. मग माझ्या आयुष्यातल्या सर्वांत गोड आवाजात मी मेहुण्याला त्याच्या अकलेबद्दल, त्याच्या डिग्रीबद्दल आणि लेबलवरची किंमत देणाऱ्यांच्या सात पिढ्यांबद्दल सविस्तर सांगितलं. घोडीने जांभई दिली.

बायको आत चढली, सरकली, आणि शेजारची जागा हाताने झटकली.

"चला," ती म्हणाली. "उरलेलं वाटेत सांगा त्याला. ह्याच आवाजात."