बर्फ बाहेर, फळं आत

वर्ध्यात मे महिना आवडणारा माणूस मी जन्मात एकच पाहिला. रेल्वे क्वार्टरांत आमच्या शेजारी राहणारे गार्डकाका. एप्रिल सरत आला की अख्खी आळी आभाळाकडे पाहून कपाळाला हात लावायची, खिडक्यांना ओली पोती बांधायची; आणि काका लग्नघरातल्या माणसासारखे हात चोळत हिंडायचे. "तापू द्या, तापू द्या! अजून तापलं पाह्यजे!" असं ते भर दुपारी अंगणात उभं राहून म्हणत. माझी आई आतून पुटपुटायची, "यांना उन्हानं झालंय काहीतरी."

त्यांना काही झालेलं नव्हतं, त्यांच्याकडे आईस्क्रीमचं पॉट होतं. लाकडी बादली, तिच्यात उभा पत्र्याचा डबा आणि वर फिरवायचं हँडल. नागपूर स्टेशनच्या रिफ्रेशमेंट रूममधल्या एका खानसाम्याशी मैत्री करून त्यांनी एक पदार्थ शिकून घेतला होता. दूध नाही, साय नाही. पवनारला धाम नदीच्या वाळूत पिकलेल्या टरबुजाचा रस, त्यात खरबूज, पपई आणि आंब्याच्या बारीक फोडी, मिळाल्याच तर संत्र्याच्या फाका, वर लिंबू आणि साखर. हे सगळं पॉटात गोठवायचं. काका त्याला ऐटीत 'फ्रूट कॉकटेल' म्हणत. माझे वडील पार्सल ऑफिसात कारकून. ते म्हणायचे, "गार्डसाहेब, जरा हळू. आपला दारूबंदीचा जिल्हा आहे." पण वाटी सगळ्यांत आधी त्यांचीच पुढे असायची. खाल्ल्यावर पोटाला जड नाही, जिभेवर फक्त गारवा! फ्रिज नावाची वस्तू आम्ही चित्रातही पाहिलेली नव्हती, हे लक्षात घ्या.

खरी गंमत बर्फाची होती. तो नागपूरहून यायचा. लादी भुशात घालायची, गोणपाटात बांधायची आणि दुपारच्या गाडीनं आणायची. काका गाडीचे गार्ड असले तरी लादी रीतसर पार्सल म्हणून बुक करत. वाटेत गाडी सिग्नलला थांबली की इकडे लादी वितळायची आणि तिकडे काकांचा जीव. "गाडी लेट झाली तर साहेब बोलते. बर्फ लेट झाला तर पाणी होते. सांगा, मोठा साहेब कोन?" असा त्यांचा प्रश्न असे.

पण एवढ्या आळीला गारवा वाटणारा हा माणूस स्वतःच्या आईला त्यातला एक चमचाही देऊ शकत नव्हता. मायचं सोवळं कडक. मुलगा रेल्वेत लागला त्या दिवसापासून तिनं त्याच्या हातचं पाणी सोडलं होतं. "बारा गावचं पानी पेतो तू," एवढंच तिचं म्हणणं. राग नव्हता. स्वतः रांधून त्याला पोटभर वाढायची, पण तिच्या घागरीला हात लावायची त्याला परवानगी नव्हती. उन्हाळ्यात ती ओला पदर डोक्यावर घेऊन भिंतीला टेकून बसे, आणि काका तिच्यासमोरून रिकाम्या हातांनी जात. मला तेव्हा म्हातारीचा फार राग यायचा.

मी दहा वर्षांची होते त्या वर्षी काकांनी मायपुढे सरळ प्रकरणच मांडलं. मी काकूंपाशी बसून शेंगा सोलत होते. काका स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर उभे होते.

"फळं कोन कापन?" मायनं विचारलं.

"तूच काप."

"पानी कोनाचं?"

"पानी टाकतच नाई माय. टरबुजाचंच पानी."

"अन् डबा?"

"तूच राखेनं तीनदा घास. तुह्याच हातानं भर, झाकन लाव. मंग मी भाईरून हँडल फिरवतो."

"अन् तो बर्फ? कोनाच्या विहिरीचा, कोन जाने."

"बर्फ भाईर, फळं आंत. दोघांची भेटच होत नाई!"

माय दोन दिवस विचार करत होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "आन मंग."

झालं! आळीत बातमी पोचायला कितीसा वेळ. त्या दुपारी क्वार्टरांच्या सगळ्या दारांत बायका उभ्या. मायनं सोवळ्यात फोडी केल्या, डबा भरला, झाकण घट्ट लावलं. काका आणि बर्फ घेऊन येणारी गाडी मात्र येईना. सिग्नलबाहेर उभी असल्याचा निरोप आला तेव्हा काकूंनी देव पाण्यात घालायचे बाकी ठेवले. शेवटी काका आले ते धावतच, खांद्यावर ठिबकणारं गोणपाट. लादी निम्मी उरली होती. मोगरीनं धडाधड बर्फ फोडला, जाडं मीठ आणि बर्फ बादलीत ठासला, आणि काका हँडलला भिडले. हँडल हळूहळू जड होऊ लागलं. जड होणं म्हणजे गोठणं. आम्ही पोरं नुसती नाचत होतो.

काकांनी डबा बाहेरून पुसला आणि सोवळ्यातल्या काकूंनी झाकण काढलं. आत लालभडक, चुरचुरीत गोठलेला रस आणि मधे पिवळ्या फोडी! काकूंनी वरूनच थोडंसं काकांच्या तळहातावर टाकलं. काकांनी चाखलं, आणि त्यांचा चेहरा उतरला.

खारट.

बादलीला बाजूला एक भोक असतं. वितळलेलं मिठाचं पाणी तिथून वाहून जातं, झाकणापर्यंत चढत नाही. त्या दिवशी घाईत बर्फावरचा भुसा धुवायचा राहिला, तो भोकात बसला, आणि बर्फाचं पाणी चढून आत गेलं. दोघांची भेट झाली होती.

काकू हळूच म्हणाल्या, "नुसतं खारट तर लागून राह्यलं. सांगा का मीठ टाकलं चवीले. त्यायले काय समजते?"

"मायले फसवून खाऊ घालू?" काका म्हणाले. आवाज चढवला नाही त्यांनी. डबा तसाच हातात घेऊन ते उंबऱ्यापाशी गेले. आम्ही सगळे मागे.

"माय, बर्फाचं पानी आंत गेलं. तुह्या कामाचं नाई राह्यलं."

मायनं त्यांच्याकडे पाहिलं. घामानं आणि बर्फानं भिजलेला पांढरा युनिफॉर्म, मिठानं चिरलेली बोटं.

"काऊन सांगतलं? नसतं सांगतलं तर खाल्लं असतं मी."

"म्हनूनच सांगतलं."

माय उठली. फळीवरून स्वतःची वाटी काढली आणि उंबऱ्यापलीकडे हात लांब केला. "टाक याच्यात. तुह्या हातानं."

काकांनी इतक्या घाईनं वाढलं की निम्मं जमिनीवर पडलं. मायनं उभ्याउभ्याच खाल्लं. दातांना कळ आली तशी डोळे मिटून घेतले.  मग ती म्हणाली, "खारट हाय," आणि वाटी पुन्हा पुढे केली. त्यानंतर जो गलका झाला तो मला आजही ऐकू येतो. माझ्या आईनं डोळ्यांना पदर लावला. माझा म्हातारीवरचा राग तिथेच गेला.

पुढच्या वर्षी काकांची भुसावळला बदली झाली. ऐन मे महिना. त्यांना पोचवायला आम्ही सगळे फलाटावर. त्या दिवशी काका गार्ड नव्हते, पास घेऊन निघालेले साधे उतारू होते. सामान चढलं, पॉटही चढलं. माय खिडकीशी बसली होती. तिची पाण्याची घागर घरूनच भरून घेतलेली, पायाशी ठेवलेली.

गाडी सुटायला चार-दोन मिनिटं असताना तिनं काकांना हाक मारली आणि रिकामा तांब्या खिडकीतून बाहेर धरला.

"पानी आन."

काकांनी तिच्या पायाशी असलेल्या घागरीकडे पाहिलं. "माय, भरलेली तं हाय."

"तिकडून आन," ती म्हणाली, आणि तिनं फलाटावरच्या नळाकडे बोट दाखवलं.