खामनोई मावशीचा वाढता ढीग

लाकूड चोरीला गेलं म्हणून बोंबलणारे पुष्कळ. आमच्या खामनोई मावशीचं लाकूड वाढत होतं, आणि तिची झोप त्यानंच उडाली होती.

मावशी बांबूच्या नळीत चिकट भात भाजून विकते. थायलंडच्या उत्तरेला, लाम्फूनच्या अलीकडचं आमचं गाव. धुराच्या महिन्यांत इथे पालापाचोळा जाळायला बंदी. विक्रीच्या चुलीला परवाना लागतो, आणि लाकडाचा ढीग कंबरेच्या वर गेला की परवाना रद्द. छाटलेल्या फांद्या न्यायला पंचायतीचा ट्रक येतो, पण खेपेला पैसे वाजवून घेतो. म्हणून बागवाल्यांच्या फांद्यांना अधूनमधून पाय फुटतात आणि त्या दुसऱ्याच्या ढिगावर जाऊन बसतात.

ढीग मावशीच्या छातीला लागला, आणि तपासणी सोमवारी.

पहिला संशय सुनेवर. "माझ्याकडे बघून हसली ती. सकाळी सकाळी कोण हसतं?" मग विहारातल्या भिक्खूंवर. शेवटी शेजारच्या सावातवर, कारण त्याची लाम्यायची, म्हणजे लिचीसारख्या फळाची, बाग नुकतीच छाटलेली.

"सावात, फांद्या कुठे टाकल्यास रे?"

"ट्रकनं नेल्या, ताई." सावात नाकातून बोलतो, सर्दी झालेल्या म्हशीसारखा.

"आवाज नाही आला ट्रकचा."

"हळू चालवतो तो."

"कचऱ्याचा ट्रक? हळू?"

पण पुरावा कुठून आणणार? मावशीनं ढिगातल्या बेचकं असलेल्या फांद्या निवडल्या, चुन्यानं रंगवल्या आणि विहारातल्या बोधिवृक्षाला टेकू म्हणून लावून आली. घरच्या म्हाताऱ्याचं, आजाऱ्याचं आयुष्य वाढावं म्हणून आम्ही असे टेकू लावतो, वर त्याचं नाव लिहितो. लावलेला टेकू काढायची कुणाची छाती होत नाही. मावशीनं सगळ्यांवर एकच नाव लिहिलं होतं: सावात.

दुपारपर्यंत अख्खी गल्ली त्याच्या दारात. "डॉक्टर काय म्हणाले? आम्हाला सांगायचं तरी."

सावात धापा टाकत मावशीकडे आला. "ताई, माझ्या फांद्यांवर माझंच नाव कशाला घातलंस?"

"तुझ्या?" मावशी म्हणाली. "त्या तर ट्रकनं नेल्या ना?"

उरलेल्या फांद्या त्यानं हातगाडीवर घालून मुकाट नेल्या. सोमवारी पंचायतीचा माणूस ढिगाशेजारी उभा राहिला, स्वतःच्या कंबरेकडे बघितलं, परवान्यावर शिक्का मारला आणि निघून गेला.

मावशी परवाना उजेडात धरून कितीतरी वेळ उलटसुलट बघत होती.

"भाताची एक नळीसुद्धा मागितली नाही मेल्यानं," ती म्हणाली. "ह्यात काहीतरी आहे."