भिंगरीच्या छातीतली तार

पेसमेकर तपासणाऱ्या बाईंना मुलं ठोकेताई म्हणत. एक खाट, एक संगणक आणि दोन खुर्च्या मावतील एवढ्याशा खोलीत ताईंची बावीस वर्षं गेली होती. बॅटरी किती उरली, यंत्रापासून हृदयापर्यंत जाणारी तार शाबूत आहे ना, हे पडद्यावर पाहून लिहायचं, हे त्यांचं काम. मोठ्यांच्या तारा बरीच वर्षं टिकतात. मुलांचं अंग वाढतं, तार ताणली जाते. त्यात उड्या आणि कोलांट्या. "एका जागी स्वस्थ बसाल तर शपथ!" ताई त्यांना दटावत.

भिंगरी अकरा वर्षांची. ठोके जन्मापासून मंद, म्हणून पाचव्या वर्षी डाव्या खांद्याखाली पेसमेकर बसवलेला. महिन्याभरात आई तिला तिसऱ्यांदा घेऊन आली होती. पोरीच्या डोळ्यांपुढे मधूनच अंधारी यायची, पण आकडे दोन्ही वेळा चोख आले होते. शाळा बुडवायचं निमित्त असेल, म्हणून डॉक्टरांनी हसण्यावारी नेलं होतं.

"आजही ठीकच दिसतंय," ताई म्हणाल्या.

आईचा चेहरा उतरला. "मग मी काय मनानं रचून सांगते का हो?"

ताईंनी भिंगरीकडे पाहिलं. इतक्या दिवसांत तिला कुणी काही विचारलंच नव्हतं. "तू सांग. अंधारी येते तेव्हा काय करत असतेस?"

भिंगरीनं आईकडे चोरून पाहिलं. "मैदानातल्या दांड्याला लटकते."

"अगं, नको म्हणून सांगितलं होतं ना!"

"म्हणूनच नाही सांगितलं."

"ओरडा नंतर," ताई म्हणाल्या. त्यांनी पोरीला खाटेवर बसवलं, पाठीला हात लावून धरलं. "आता दांडा पकडतेस तसा डावा हात वर ताण."

हात वर गेला आणि पडद्यावर करवतीसारखे दाते उमटले. तार आतून तुटत आली होती. तिची खरखर यंत्राला हृदयाचे ठोके वाटत होती, म्हणून ते स्वतःचा ठोका देणं थांबवत होतं. भिंगरीची मान कलली.

"हात खाली!" ताईंनीच तो ओढला. दोन सेकंदांत ठोके पूर्ववत झाले. याच पोरीला नुसतं आडवं झोपवून, ठीक आहे म्हणून त्यांनी दोनदा घरी धाडलं होतं.

पडद्यावरचे दाते कागदावर छापून घेऊन त्या तडक डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टर स्वतः उठून खोलीत आले. "चुकलं माझं," ते भिंगरीला म्हणाले, आईला नव्हे. तिला लगेच दाखल केलं आणि दुसऱ्या दिवशी नवी तार बसवली, वाढत्या अंगासाठी आत थोडी सैल सोडून.

घरी जाताना भिंगरीनं विचारलं, "ही किती टिकेल?"

थाप मारणं सोपं होतं. "नक्की नाही सांगता येत गं," ताई म्हणाल्या. "कधीतरी बदलावी लागेलच. पण लटकलीस, पडलीस, काहीही केलंस, तरी मला सांगायचं."

तेव्हापासून ताई यंत्राला हात लावण्याआधी आईवडिलांना बाहेर बसवतात आणि मुलांना बोलू देतात. परवा एका सात वर्षांच्या मुलीनं कपाटावरून गादीवर उड्या मारत असल्याचं कबूल केलं.

"कुठला हात आधी टेकतो?" ताईंनी विचारलं आणि लिहायला घेतलं.