गुणवंतचा भुरका

जपानी रामेनच्या दुकानाबाहेर नाव लिहून पाऊण तास झाला होता. काचेपलीकडे माणसं वाडग्यांवर वाकलेली दिसत होती. वरदने मोबाइलवर बघून सांगितलं, “फोर पार्टीज बिफोर अस.” येत्या गुरुवारी तो शिकायला नेदरलंड्सला जाणार होता. जायच्या आधी आईबाबांना एकदा इथे जेवायला घालायचं, असं त्याच्या मनात होतं. पैसे बाबाच देणार होते.

अनुराधाला रामेनचं काही नव्हतं. तिला भीती वाटत होती ती शुक्रवारच्या जेवणाची. अबुधाबीच्या खलिफा सिटीतल्या त्यांच्या घरात जेवताना बोलायचा तो वरद. तो गेला की टेबलाशी दोन माणसं उरणार, आणि त्यातल्या एकाच्या जेवणाचा आवाजसुद्धा येत नाही.

पूर्वी यायचा. लग्न होऊन ती चिंचवडला आली तेव्हा नवऱ्याचा, गुणवंतचा भुरका अख्ख्या मजल्याला माहीत होता. भात संपला की वाटी तोंडाला लावायची, एक लांब, चढत जाणारा भुरका, आणि शेवटी टाळूवर जीभ वाजवायची. शेजारच्या सगुणाकाकू भिंतीपलीकडून विचारायच्या, “आज कढी का गं?”

अबुधाबीत आल्यावर दुसऱ्याच वर्षी त्याच्या मोठ्या साहेबांनी दोघांना घरी जेवायला बोलावलं. मराठीच माणसं, पण टेबलावर कडक पांढरे नॅपकिन आणि दोन-दोन काटे. गुणवंतने वाटी उचलली आणि भुरका मारला. साहेबांची मुलं फसकन हसली. अनुराधा खालच्या आवाजात म्हणाली, “अहो, आवाज.”

एवढंच. त्याने वाटी खाली ठेवली आणि चमचा घेतला.

त्यानंतर घरीसुद्धा चमचाच. आधी तिला बरं वाटलं. मग भुरक्यामागून एकेक गोष्ट जाऊ लागली. जेवणानंतरचा ढेकर गेला. ‘मीठ कमी आहे’ म्हणणं गेलं. ऑफिसातल्या गमती गेल्या. भांडण झालं असतं तर मिटवता आलं असतं, पण भांडण झालंच नव्हतं. अशी सोळा वर्षं झाली.

इमारतींच्या एसींना गार पाणी पुरवणाऱ्या एका प्लांटवर तो पंप सांभाळायचा. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू पंपाला टेकवायचं, मूठ कानाशी धरायची आणि सांगायचं, बेअरिंग आठवडाभर टिकेल. ते तेवढंच टिकायचं. पोरं त्याला तिथे ‘डॉक्टरसाब’ म्हणत. घरातलं काय बिघडलं ते मात्र त्याने कधी सांगितलं नाही, आणि तिनेही विचारलं नाही.

अखेर नाव पुकारलं गेलं. तिघांना काउंटरला ओळीने बसवलं, गुणवंत मधे. त्याने मेनू लांब धरून वाचला.

“बासष्ट दिरहम. म्हणजे पंधराशे रुपयांच्या शेवया.”

“बाबा, डोन्ट कन्व्हर्ट.”

वाडगी आली. दोघांना चिकनचं, अनुराधाला मशरूमचं, कारण शनिवार होता. पलीकडे कंदुरा, म्हणजे पांढरा पायघोळ झगा घातलेले दोन अरब तरुण गळ्याशी कागदी रुमाल बांधून जोरात नूडल ओढत होते. सगळीकडून तोच आवाज येत होता.

“बाबा, यू हॅव टू स्लर्प,” वरद म्हणाला. “इट्स गुड मॅनर्स हिअर. अदरवाइज द शेफ फील्स बॅड.”

अनुराधाचा हात थांबला. आता भुरका मारेल, असं तिला वाटलं. गुणवंतने चमच्यात नूडल गोळा केली, फुंकर घातली, तोंडात घेतली आणि ओठ मिटले. डावीकडे भुरके, उजवीकडे भुरके, आणि मधे हा, बंद कपाटासारखा.

“मारा की भुरका,” ती म्हणाली. “इथे चालतं.”

“नको.”

“का?”

“सवय गेली.”

 तिने स्वतःचं वाडगं दोन्ही हातांनी उचललं. जन्मात तिने कशाचा भुरका मारला नव्हता. माहेरी ताकसुद्धा तोंड न वाजवता प्यायची शिस्त होती. तिने डोळे मिटून ओढलं. मोरी तुंबून मोकळी व्हावी तसा आवाज झाला. एक नूडल हनुवटीवर फटकन बसली, रस्सा चष्म्यावर उडाला आणि तिला जोराचा ठसका लागला.

“आई!” वरदने आजूबाजूला पाहिलं.

गुणवंतने टिश्यू काढून तिच्यापुढे धरला. स्वतःच्या वाडग्यात बघत तो म्हणाला, “अगं, आवाज.”

तिने चष्मा काढला होता. त्याचा चेहरा धूसर दिसत होता; तो हसतोय की नाही, कळत नव्हतं.

“तुमच्या लक्षात आहे?”

“चिंचगुळाची आमटी होती.”

“कढी होती.”

“आमटी. मीठ कमी होतं.”

“व्हॉट आर यू गाइज टॉकिंग अबाउट?” वरदने विचारलं.

“मी तेव्हा बोलायला नको होतं,” अनुराधा म्हणाली.

गुणवंतने अर्धं अंडं रश्श्यात बुडवलं, वर आणलं, परत बुडवलं. मग म्हणाला, “हवा घेतेस तू.”

“काय?”

“पंप हवा घेतो तशी. वाडगं ओठाला नीट टेकव. फट ठेवू नकोस. मग ओढ.”

तिने टेकवलं आणि ओढलं. या वेळी काही उडालं नाही. तो मान तिरकी करून ऐकत होता, प्लांटवर ऐकायचा तसाच.

“अजून थोडी गळती आहे,” तो म्हणाला.

मग त्याने चमचा बाजूला ठेवला आणि स्वतःचं वाडगं उचललं. भुरका आला, पण तोकडा. मधेच तुटला. शेवटी जीभ वाजलीच नाही. त्याने वाडगं खाली ठेवलं आणि ओठ पुसले. कंदुऱ्यातल्या तरुणांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

शुक्रवारी कढी करायची, असं अनुराधाने ठरवलं. मीठ थोडं कमीच घालायचं.