चहातले थेंब

हुपरीतल्या आमच्या घरात पैंजण घडायचे आणि दादा त्यांना घुंगरं जोडायचा. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्यानं हातातलं काम सोडलं. कानात माणसं बोलतात म्हणायचा, जेवणात कुणीतरी काहीतरी घालतंय म्हणायचा. गोळी दाखवली की ताट भिरकावायचा.

कोल्हापूरच्या डॉक्टरनं हॅलोपेरिडॉलची बाटली दिली. रंग नाही, वास नाही. "त्याला न सांगता चहात घाला," एवढं बोलून त्यानं पुढच्या पेशंटला हाक मारली. औषध गुणाचं होतं, खोटं कशाला बोलू? कानातली माणसं हळूहळू गप्प झाली, दादा पुन्हा कामाला बसला. पण यानं मान आखडू शकते, त्यासाठी सोबत दुसरी गोळी असते, हे सांगायला त्या शहाण्याची जीभ झडली होती का?

गुण आला म्हटल्यावर घरात सगळेच डॉक्टर झाले. आई सकाळच्या चहात थेंब घालायची. चुलत्यांनी तिला न विचारता दुपारच्या ताकातही सुरू केले. एका संध्याकाळी दादाची मान खांद्याकडं वळली ती वळलीच. डोळे वर, जीभ बाहेर.

"अंगात आलंय. डोंगरावर न्या," चुलते म्हणाले. जीपमध्ये घालून त्याला जोतिबाला नेलं. कपाळाला लावलेला गुलाल त्याच्या उघड्या तोंडात गेला. त्याला सगळं कळत होतं, फक्त बोलता येत नव्हतं. आजही ते आठवलं की माझं डोकं फिरतं. देवाच्या दारात मी चुलत्यांवर ओरडले आणि जीप कोल्हापूरकडं वळवायला लावली.

दवाखान्यात एका इंजेक्शननं मान सरळ झाली. "याला काय देत होता?" तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं. आई पदर चाचपत बसली, चुलते छताकडं बघू लागले. शेवटी मीच पिशवीतली बाटली टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं.

दादा आईकडं बघत राहिला.

"मग मी येडा कसा?" तो म्हणाला. "घालतच हुतासा की."

औषध त्यानं पुढंही घेतलं, थोडं कमी, सोबतच्या गोळीसह, स्वतःच्या हातानं. चहाही स्वतःच करून प्यायचा. आई तरी रोज त्याच्यापुढं कप ठेवायची. ती वारेपर्यंत त्यानं तो एकदाही तोंडाला लावला नाही.